दांड्याचं शेवटचं मशीन

अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या एका कॅसिनोत नाश्त्याच्या रांगेत दोन म्हाताऱ्या बहिणींच्या मागे तिथली जुगाराची मशीनं दुरुस्त करणारा लेलंड उभा होता.

"ऑर्लीन, किती चुळबुळ करतेस!"

"माझ्या मशीनवर कुणी बसलं तर? जागा अडवायला खुर्ची त्याला टेकवून आलेय."

"बाकीची शेकडो पडलीत की."

"ती बटणांची. दांडा त्या एकट्यालाच उरलाय. नवरा माझा हळू ओढायचा, म्हणून मशीन पैसे द्यायचं."

"अगं, तेव्हा आत स्प्रिंगा होत्या. आता कॉम्प्युटर आहे, दांडा नुसता शोभेचा."

"काहीतरीच! अहो, तुम्ही इथलेच ना? सांगा हिला."

ते दांड्याचं मशीन आज कायमचं काढून न्यायची चिठ्ठी लेलंडच्या खिशात होती.

"हळूच ओढावा लागतो, बाई," तो म्हणाला. "नाश्ता राहू द्या, आधी ओढून या. रांगेतली जागा मी धरतो."