घडीचं झाड

वाईहून साताऱ्याला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर लांबडं खोकं होतं.

"दीपमाला, एवढं काय घेतलंस गं?"

"ख्रिसमसचं झाड हाय, आत्या. प्लास्टिकचं. घडी घालून ठेवलं की दरवर्षी कामाला येतंय. अंकिताला शाळेत त्याची माहिती सांगायची हाय."

"काय माहिती?"

"थंड मुलखात बर्फ पडला की सगळ्या झाडांची पानं झडत्यात. हे एकच हिरवं ऱ्हातंय. म्हणून तिकडची लोकं लय आधीपासनं ते घरात आणत्यात, सजवत्यात."

"म्हंजे त्यांचं देवकच की."

"देवक कसलं, आत्या! ती परंपरा हाय."

"आन आपलं?"

"आवं, लग्नात एका झाडाची फांदी आणून पुजायची, मग त्या झाडाला कवा कुऱ्हाड लावायची न्हाई. आता कोण मानतंय?"

"व्हय. म्हणूनच दारातला कळंब तोडलासा. आपलं देवक व्हतं ते."

"मग गाडी कुठं लावायची?"

"आन हे झाड कुठं लावणार?"

"तिथंच. गाडीच्या शेजारी."

"माघात तुझ्या दिराचं, जयराजचं लगीन हाय. देवकाला कळंबाची फांदी कुठनं आणायची?"

"बघू की. मिळंल कुठंतरी."

"त्याच दुकानात इचारायचं व्हतंस. घडीचा कळंब ठेवता का म्हणून."