पारसचं अक्षर

(घोडेगाव, मार्च १९९६. बन्सीलाल यांच्या तयार कपड्यांच्या दुकानामागची खोली.)

कंचनबाई : पण टपालानं आलेल्या या पत्रातलं अक्षर माझ्या पारसचं नाही. पत्र कोणी लिहिलं?

हौशीराम : मीच, मावशी. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. मी निरगुडसरचा हौशीराम. अंटार्क्टिकाच्या ठाण्यावर जनरेटर बघायचो. पारस हवामानाच्या नोंदी घ्यायचा.

कंचनबाई : काय झालंय त्याला?

हौशीराम : बरा हाय. माझ्यासंगं गोव्याला उतरला. तुमी बसा आधी.

कंचनबाई : बसले. सांगा.

हौशीराम : जुलैत बर्फाचं वादळ झालं. खोलीपासनं जनरेटरपतुर दोर बांधलेला, त्यो धरूनच जायचं. माघारी येताना माझा हात सुटला. दार धा पावलांवर असंल, पर दिसंना. बसलो तितंच. झोप याय लागली. बाकीचे म्हणत व्हते, वारा पडू द्या. पारस थांबला न्हाई. मला हुडकलं, कमरंला दोर बांधला. जाड हातमोज्यात गाठ बसंना, म्हणून उजवा हातमोजा काढला त्यानं.

कंचनबाई : मग?

हौशीराम : दोन बोटं काळी पडली. डॉक्टरनं काढली महिन्यानं.

कंचनबाई : दुखतं का अजून?

हौशीराम : न्हाई. आकडे डाव्या हातानं लिवतो. अक्षरं अजून वळत न्हाईत.

कंचनबाई : जेवायचा का नीट? सूर्यास्तानंतर तो काही खात नाही. तिकडं दोन महिने सूर्यच उगवत नाही म्हणे.

हौशीराम : घोडेगावात दिवस कवा मावळतो ते घड्याळात बघायचा. त्याच्या आत जेवायचा. आमी आधी हसलो. मग आचारीच त्याचं ताट आधी लावाय लागला.

बन्सीलाल : मी दुकानातून सगळं ऐकतोय. तो स्वतः का नाही आला?

हौशीराम : शेठ, जाताना तुमी म्हणाला व्हता म्हणं, गेलास तर या दारात परत येऊ नको. म्हणून मी आलो. त्यानं न्हाई धाडलं, माझा मीच आलो.

बन्सीलाल : म्हणालो होतो खरं.

कंचनबाई : दीड वर्ष झालं त्याला.

बन्सीलाल : गोव्यात कोण आहे त्याच्याजवळ?

हौशीराम : कुणी न्हाई. नोंदी जमा करायच्यात, म्हणून हापिसाच्या खोलीवर ऱ्हायलाय.

बन्सीलाल : गाडी कधी आहे?

हौशीराम : पाचला पुण्याची. तितनं गोव्याची मिळंल.

बन्सीलाल : पारसची आई, माझी पिशवी भर. त्याच्यासाठी झब्बा मी दुकानातून घेतो. बिनबटणाचा.