मानेतली शीर आन् संत्र्याचं ड्रिप

माह्या आजाराचे सर्वात मोठे तज्ज्ञ म्हणजे अंजनगावचे मामा. मले मल्टिपल स्क्लेरोसिस हाय. मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. मामांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाह्यला आन् मामीले घेऊन तडक अकोल्याले आले.

"पोरी, तुह्या मानेतली शीर चोक झाली. डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. फुगा घालून शीर मोकळी केली, का तू पळशीन!"

आई लगेच दवाखान्यासाठी माही बॅग भराले लागली.

मी म्हटलं, "मामा, डॉक्टर म्हणतात, ते सारं बऱ्याच पेशंटवर तपासून झालं. शिरा मोकळ्या करून फायदा दिसला नाही."

"डॉक्टरले काय समजते? माही संत्र्याची झाडं वाळून राहिली होती. मी कोनाले इचारलं? ॲसिड सोडून ड्रिपच्या साऱ्या नळ्या साफ केल्या. शीर काय, नळी काय, एकच गोष्ट!"

"मंग झाडं कशी हायेत आता?"

मामा चहात बिस्किट बुडवत राहिले. उत्तर मामीनं देल्लं.

"सारी तोडली. रोग मुळाले होता. नळ्या मात्र अजून चकाचक हायेत."