लोणी येईस्तवर पेपर

माझा जलम हिर्डोशीच्या वरच्या अंगाचा, धनगरवाड्यातला. आमी गवळी धनगर, म्हशी हायत, थोडी शेरडं हायत, बाकी समदा डोंगूर. लगीन झालं ते बी शेजारच्याच वाड्यात, हितनं हाक मारली तर आईला ऐकू जायाची. काय सांगू तुमाला, शाळा म्या बघितली ती बाहेरनं. भोरच्या बाजाराला लोणी घिऊन जायाची तवा शाळंपशी टोपली उतरून दम खायाची, आन आत पोरी एका सुरात काय-बाय म्हनायच्या, लई ग्वाड वाटायचं. तवाच मनात घेतलं, मला लेक झाली तर ती आत बसंल. आन झाली बी लेकच. तिचं नाव भागू.

भागूला माज्या भावाकडं उत्रोलीला ठिवली, तिथनं भोरची शाळा जवळ. सातवी झाली पोरगी आन वाड्यावर परत आली. आमच्या डोंगरात सातवी झाल्याली ती पयली, बापय धरून सांगती, नुसत्या बायांत न्हाई. मग शाळंतल्या बाई म्हनाल्या, हिला पुन्याला नर्सच्या शाळंत घाला, बाळंतपनाचं शिकवत्यात, ऱ्हायाला-खायाला बी देत्यात. म्या म्हनलं, घाला. तिचा बा म्हनला, सोळावं लागलं, वरंध्याकडच्या वाड्यातलं थळ आलंय, म्या शबूद दिलाय. मग आमचं दोगांचं लई वाजलं. म्या म्हशी पिळायचंच सोडलं, म्हनलं पिळा तुमी. म्हशी त्याला हात लावू दीनात. शेवटी त्यो म्हनला, त्या शाळंची परीक्षा हाय न्हवं, एकदा बसू दे, घेतली तिला तर जाऊ दे, न्हाई घेतली तर वैशाखात लगीन, मग रडायचं न्हाई. म्या म्हनलं, कबूल.

आता ही परीक्षा आदी तोंडी असायची. डाक्टरीणबाई म्होरं बसवायची, धडा वाचाय लावायची, इचारायची, ताप चढला तर काय करशील, पानी कसं उकळशील, झालं. भागूनं समदं तोंडपाठ केल्यालं, म्हशीमागं फिरताना म्हनायची, शेन काढताना म्हनायची, ऐकून ऐकून मला बी पाठ झालं. आन दिवाळीच्या सुमाराला बाईंचा निरोप आला, यंदापास्नं रीत बदलली. तोंडी न्हाई. छापल्यालं सवाल देनार, उत्तरं लिवायची, हिशेब करायचं, आन समदं एका तासात. तास झाला की कागुद काढून घेनार, अर्धं असंल तर अर्धं. पोरगी खालीच बसली. म्हनली, आये, बोलायला सांग, दिसभर बोलती, पन लिवाय मला येळ लागतो.

बरं, तास मोजायचा कशानं? आमच्यात घड्याळ कुठलं, म्हशी परतल्या की सांज. तर भाऊबीजेला माजा धाकला भाऊ आल्याला, पलटनीतला मानूस, मनगटाला घड्याळ. म्या डेऱ्यात रवी घालून घुसळत हुती, त्यो चा पीत बघत हुता, आन लोणी वर आलं तसा म्हनला, अक्का, तुजं लोणी बराबर तासात येतंय की. भागूनं टाळीच वाजीवली. भाऊ गेला त्याच्या कामावर, घड्याळ गेलं त्याच्यासंगं, पन आमाला तास घावला. दुसऱ्या दिसापास्नं म्या घुसळाय बसली की ती पाटी घिऊन लिवाय बसायची. लोणी आलं की म्या वरडायची, आलं गं! आन तिनं हात उचलायचा. पुसात तर तिचं समदं लिवून वर येळ उरायला लागला. म्या तिच्या बाकडं बघून हसायची, करा म्हनलं लगीन, तुमीच उभं ऱ्हावा.

माघात भोरला शाळंतल्या बाईंकडं घिऊन गेली, म्हनलं बगा हिची तयारी. बाईंनी घड्याळ लावून बसीवली. पाच सवाल झालं आन बाई म्हनाल्या, भागू, तास झाला. पोरगी म्हनली, न्हाई झाला बाई. बाईंनी काटा दावला. निम्मंच झालं हुतं. वाटंनं पोरगी रडत, आन म्या त्या घड्याळाला शिव्या देत, म्हनलं भोरातली घड्याळं बी मेली घाईची. वर चढाय लागलो, गार वारं अंगाला लागलं, तवा माज्या डोक्यात उजेड पडला. थंडीत लोणी उशिरा येतं! दिवाळीत तासाला यायचं ते पुसा-माघात निम्मी सकाळ घुसळावं तवा येतं. आमच्यातलं शेंबडं पोर बी सांगंल हे. पन घरात समदी धनगरं, आन एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई. लोणी रेंगाळत हुतं, आन आमी समजत हुतो पोरगी बेगी लिवती. म्या वाटंतच बसली आन हसाय लागली. भागू म्हनली, आये, माजं लगीन लागायची पाळी आली आन तू हसतीस व्हय?

मग दुसऱ्या दिशी डेरा चुलीपशी वढला आन ताकात ऊन पानी वतलं. भागू म्हनली, पाच सवालाला लोणी आलं पायजे, त्यो खरा तास. पानी कमी-जास्त करत करत म्या बराबर पाच सवालावर आनलं. आता ऊन पान्यानं लोणी बेगी येतं, पन मऊ पडतं, पांढरंफेक, बोटांतनं गळतं. तिचा बा म्हनला, माल नासवाय लागलीस. म्या म्हनलं, नासू दे. भोरची गिऱ्हाइकं नाक मुरडायची, यंदा म्हशींना काय झालंय? म्या सांगायची, म्हशी नर्सच्या परीक्षेला बसल्यात. आन हिकडं पोरीचं पाचाचं सात सवाल झालं, साताचं धा झालं, पानी तेवढंच.

चैतात पुन्याला गेलो. म्या बाहेर झाडाखाली बसली. भागू हसतच आली, म्हनली, आये, घंटा व्हायच्या आदी झालं, कानात तुजी रवी चालू हुती. मग निरोपाची वाट बघायची. त्यो निरोप खाली हिर्डोशीत येस्टीच्या कंडाक्टरनं आनला, आन घावला नेमका तिच्या बाला. त्यो वर आला, तांब्याभर पानी प्याला, म्हनला, घेतली तिला. आन पटका नीट करत म्हनला, म्या वरंध्याकडं जाऊन येतो, शबूद परत मागाय. एवढा ताठ मानूस, पर स्वता गेला बघा.

आता भागू शिकून तिथंच पुन्याला कामाला लागलीया. मागल्या म्हैन्यात म्या गेली भेटाय, संगं भाकरी आन ठेचा. आत एक बाई अडल्याली, भागू तिच्यापशी. दारातनं दिसली मला, पांढऱ्या कपड्यात, वाकल्याली. माज्याकडं बघाय तिला येळ नव्हता, आन मला इतका आनंद झाला, काय सांगू. दुपार कलल्यावर बाहेर आली, घामानं भिजल्याली, म्हनली, आये, सुटली बाई, लेक झाली. बाजूला त्या बाईची सासू बसल्याली, तिचं तोंड उतरलं. म्या तिचा हात धरला. म्हनलं, लई आवक्षाची हू दे तुमची नात, आन तिला शाळंत घाला. आन पोरगी सोळाची झाली की तिच्या बाच्या मनात लगनाचं आलं, तर त्याला हिर्डोशीला लावून द्या, वरच्या वाड्यात कुनाला बी इचारा म्हनावं. म्या बोलती त्याच्याशी.