सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड

तुम्हाला कारखान्याची पाटी दिसते. तिच्याखाली बसलेली बाई कधीच दिसत नाही.

आळेफाट्याजवळच्या टोमॅटो सॉसच्या कारखान्याचं पाइपिंग माझ्याकडं होतं. दाब फार वाढला की बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून सुटणारी वाफ छपराच्या वर सोडायची, असं मी ड्रॉइंगमध्ये स्पष्ट दाखवलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जाऊन बघते, तर पाइप खालीच कापलेला आणि तोंड थेट बाया टोमॅटो निवडतात त्या ओट्याकडं.

"वर नेला की पाटी झाकली जाती, मॅडम," मालक म्हणाले. "अन् वाफ काय रोज सुटती व्हय? काम पुरं झाल्याच्या कागदावर सही करून टाका."

"ज्या दिवशी सुटेल, त्या दिवशी बाया भाजतील. मी सही करणार नाही."

"तुमच्या सायबांना फोन लावू का?"

"लावा. नंबर मीच देते."

त्यांनी फोन काढला, पण लावला नाही. "काय होत न्हाई वो, ताई."

"मग उद्या बॉयलर पेटवू आणि पूजेला तुम्ही अन् वहिनी त्याच ओट्यावर बसा. सही आत्ता करते."

मालकांनी फोन खिशात ठेवला.

ओट्याजवळ पूजेचा मांडव घालणाऱ्या मांडववाल्यानं हातातला बांबू खाली ठेवला. "शेठ, मंग पूजेचा मांडव तिकडं गेटापाशी घालू का?"