मालिनी बेहेरे यांचं मत

वल्लरी : हॉस्पिटलमधून तुला फोन आला साडेनऊला. तू मला केलास अकराला. मधला दीड तास तू काय करत होतास, बाबा? तीन महिने विचारीन विचारीन म्हणतेय.

भास्कर : बाटल्या टाकत होतो.

वल्लरी : काय?

भास्कर : कोपऱ्यावर काच टाकायचे डबे आहेत, तिथे होतो, दोन पिशव्या घेऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेर बेहेरे, तुमची पत्नी आज सकाळी गेली. मी म्हटलं, डांके, आभारी आहे. मग उरलेल्या बाटल्या टाकल्या. हिरव्या हिरव्यात, तपकिरी तपकिरीत. झाकणं काढून.

वल्लरी : झाकणं काढून!

भास्कर : तुझ्या आईची शिस्त. लोणच्याची बरणी धुतलेली नव्हती, ती घरी आणली, धुतली, परत जाऊन टाकली. मग तुला फोन केला. झालं समाधान?

वल्लरी : ...हो. झालं. आता हे टपाल आवरू दे. येनाहून चार गाड्या बदलून मी तुझी पाकिटं फोडायला आलेय.

भास्कर : डॉक्टरेट करणाऱ्या मुलीला शोभेलसं काम आहे. जाहिराती कागदाच्या डब्यात टाक.

वल्लरी : हे काय? 'फ्राऊ मालिनी बेहेरे, वाल्डॉर्फ.' आईच्या पक्षाचं पत्र. बाबा, हे फोडलेलं आहे.

भास्कर : मग ते आवरायचं नाही. ठेव तिथंच.

वल्लरी : 'प्रिय मालिनी, येत्या जानेवारीत देशाचा नवा राष्ट्राध्यक्ष निवडला जाणार आहे. आपल्या पक्षानं कोणाचं नाव पुढे करावं? सध्या चार नावं चर्चेत आहेत. शुक्रवारपर्यंत सोबतचा फॉर्म भरून पाठव. तुझं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.'

भास्कर : मोलाचं! जिल्हा शाखा गोळा करणार, वर पाठवणार, वरचे वाचणार नाहीत. मग बर्लिनमध्ये चौघं जेवता जेवता ठरवणार, दुसऱ्या पक्षाला विचारणार, तो नाही म्हणणार, आणि पाचव्याच कुणालातरी उभं करणार. इतकं मोलाचं.

वल्लरी : आणि निवडून आलेला माणूस करतो तरी काय?

भास्कर : नाताळात टीव्हीवर भाषण. अधूनमधून झाड लावणं. पूर आला की गमबूट घालून चिखलात उभं राहणं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला याहून जास्त अधिकार होते. तो निदान पाणी बंद करू शकायचा.

वल्लरी : असं सगळं असताना हा फॉर्म पेन्सिलीनं भरलेला का आहे?

भास्कर : सहज.

वल्लरी : आणि पाकिटाच्या मागे आईची सही का आहे? एक, दोन... बाबा, सात वेळा!

भास्कर : सराव. शेवटच्या अक्षराला ती एक शेपूट काढायची, ते जमत नाही. एकतीस वर्षं माझ्यासमोर सह्या केल्या तिनं, आणि मी कधी शेपटाकडे बघितलं नाही.

वल्लरी : इथे छापलंय, 'हा फॉर्म मी स्वतः भरला आहे.' खाली सही करायची. तू कधी लाल सिग्नलला रस्ता ओलांडला नाहीस. रात्री एकही गाडी नसताना मला थांबवून ठेवायचास. आणि आता खोटी सही?

भास्कर : अजून केलेली नाही. सराव गुन्हा नसतो. आणि या देशात गुन्हा करायचा तर आधी त्याचा फॉर्म मागवावा लागतो, तो आलेला नाही.

वल्लरी : बाबा, तुला या पक्षाचं एक अक्षर पटत नव्हतं. आई मीटिंगला निघाली की तू म्हणायचास, निघाली आमची बसवाली बाई.

भास्कर : मग? सहा वर्षं एका बससाठी भांडली. हायडेलबर्गहून साडेआठनंतर वाल्डॉर्फला बस हवी! साठ माणसांच्या सह्या, तीन मंत्र्यांना पत्रं. मिळाली तेव्हा घरात श्रीखंड केलं. मी म्हटलं, या बसमध्ये बसणार कोण?

वल्लरी : कोण बसलं?

भास्कर : मी. हॉस्पिटलमधून रोज त्याच बसनं परत यायचो. बहुतेक वेळा एकटाच असायचो. ड्रायव्हर ओळखायला लागला होता.

वल्लरी : ...कोणाला दिलंयस मत?

भास्कर : नीट बघ. चारही नावांपुढे खूण करून पुसलेली आहे. ठरत नाही. ते मासिक दे इकडे. पक्षाचंच आहे, जूनचं. तेव्हा ही नावं नुकतीच उठायला लागली होती. तिनं हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या वाचून बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय. वाच.

वल्लरी : पहिले हेर ओस्टरमान. माजी मंत्री. आईनं लिहिलंय, 'हातात हात देतो आणि मागच्या माणसाकडे बघतो.'

भास्कर : मेळाव्यात भेटला होता तिला. चार खाती सांभाळली, आणि चारही खात्यांना तो गेल्यावर बरं वाटलं. पण उंच आहे. फोटोत भारदस्त दिसतो. या पदाला आणखी काय लागतं?

वल्लरी : दुसरे हेर ब्रुंकहोर्स्ट. राज्याचे मुख्यमंत्री होते. 'मला नको नको म्हणतो. मे महिन्यापासून रोज म्हणतो.'

भास्कर : पंगतीत पोट भरलं म्हणून पान झाकतो आणि वाढप्याकडे बघत राहतो, तसला. दोघं गेले. पुढे?

वल्लरी : फ्राऊ लीबेनाऊ. निवृत्त न्यायाधीश. 'बुद्धी लखलखीत. तीन मुलाखती वाचल्या, हसलेली दिसली नाही. पण खोटं बोललेलीही दिसली नाही.'

भास्कर : ही बाई नाताळच्या भाषणात सगळ्या देशाला शिक्षा सुनावेल. पण ठीक आहे. चौथी?

वल्लरी : फ्राऊ टीलमान. एका गावाची महापौर होती, पूर आला तेव्हा. 'भाषण येत नाही. वाचतानाही अडखळते. पुरात ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरी अजून जाते. कॅमेरा नसताना.'

भास्कर : कॅमेरा नसताना जाते, हे तुझ्या आईला कसं कळलं, हे मात्र लिहिलेलं नाही.

वल्लरी : बाबा!

भास्कर : बरं, बरं. म्हणजे उरल्या दोघी. न्यायाधीश आणि महापौर. आता यातली तिची कोणती? मी महिनाभर हे पान बघतोय. तिनं दोघींच्याही नावाखाली रेघ मारलीय. सारखीच लांब.

वल्लरी : पण तुला एवढं का पडलंय? कोण राष्ट्राध्यक्ष होणार याची तुला काडीची फिकीर नाही. तुला तर मतही नाही.

भास्कर : नाहीच. भारतीय पासपोर्ट सोडवला नाही माझ्याच्यानं. सव्वीस वर्षांत या देशानं मला एकदाच मत विचारलं, कचऱ्याचा डबा केवढा हवा म्हणून. मी लहान म्हटलं, त्यांनी मोठा दिला.

वल्लरी : विषय बदलू नकोस.

भास्कर : बदलत नाही. ऐक. बँकेला कळवलं, त्यांनी तिचं नाव काढलं. विमा कंपनीनं काढलं. पेन्शनवाल्यांनी, फोनवाल्यांनी, वाचनालयानं काढलं. सगळ्यांनी मनापासून सहानुभूती कळवली, एकाच छापाची. दारावरची पाटी घरमालकानं बदलून दिली, न सांगता. फार तत्पर माणूस. नळ गळतो म्हणून दोन वर्षं सांगतोय, तो तसाच आहे.

वल्लरी : आणि पक्षाला कळवलं नाहीस.

भास्कर : हे एकच ठिकाण राहिलंय, जिथे तिला अजून काहीतरी विचारतात. प्रिय मालिनी, तुला काय वाटतं? मी कधी असं विचारल्याचं मला आठवत नाही. निदान उत्तर तरी वेळेत जावं.

वल्लरी : ...बाबा, पान उलटलं होतंस?

भास्कर : मागे जाहिरात आहे. जिना चढायच्या खुर्चीची.

वल्लरी : जाहिरातीच्या वरती, कोपऱ्यात. बारीक अक्षरात आहे. तुझा चष्मा कुठेय?

भास्कर : तू वाच.

वल्लरी : 'लीबेनाऊ की टीलमान? भास्करला विचारायचं. चेष्टा करेल. तरी विचारायचं.'

(नळ गळतो आहे.)

भास्कर : विचारलं नाही तिनं.

वल्लरी : कदाचित विचारलं असेल.

भास्कर : हं. एकदा मासिक हातात घेऊन म्हणाली, अहो, एक सांगाल का? मी म्हटलं, पक्षाचं सोडून काहीही विचार. ती म्हणाली, मग राहू दे, पाणी द्या. मी पाणी दिलं.

वल्लरी : आता सांग ना. लीबेनाऊ की टीलमान?

भास्कर : आता सांगून काय उपयोग?

वल्लरी : तिला उत्तर हवं होतं. पक्षाला नसेल हवं.

भास्कर : टीलमानबाई. हुशार माणसं या देशात पोत्यानं आहेत. त्या डॉक्टरीणबाईही हुशारच होत्या, वाक्य अगदी शुद्ध बोलल्या. मला त्या डब्यांपाशी कुणीतरी अडखळणारं हवं होतं. नुसतं उभं राहिलं असतं तरी चाललं असतं.

वल्लरी : मला आधी फोन करायचास ना, बाबा.

भास्कर : बरणी धुवायची होती.

वल्लरी : ...हो. गेनाऊ, अगदी बरोबर. बरणी.

भास्कर : रडू नकोस. आणि ते मासिक भिजवू नकोस, पेन्सिलीचं आहे.

वल्लरी : मग टीलमानबाईंवर खूण करू? सही तू करणार की मी? शेपूट मला येतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर केलंय दोनदा.

भास्कर : दोनदाच? मला वाटलं होतं चारदा. नको, खूण करू नकोस. ते माझं मत झालं, तिचं नाही. आणि मला मत नाही. पाकीट कागदाच्या डब्यात टाक. मासिक राहू दे.

वल्लरी : आणि फॉर्म?

भास्कर : तोही टाक. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढल्या होत्या. नऊ गेल्या. एक कपाटात आहे, वरच्या कप्प्यात.

वल्लरी : ती कशासाठी ठेवलीस?

भास्कर : पक्षाला कळवायचं राहिलंय.