माह्या घराचा उतार

उतार नाई, घसरगुंडी हाय ते! आता तुमीच सांगा, मी शेषराव, मेडशीचा, माहे दोन्ही पाय लहानपनीच पोलिओनं गेले, चाकाच्या खुर्चीत फिरतो... आन् मले सरकारनं घरकुल देल्लं, खास अपंगाचं! दार रुंद, संडासात धरायले दांडी, सारं झकास, पन दारापुढचा उतार असा खडा, का बकरीबी अर्ध्यात दम खाते! सोय केली म्हने!

बांधनारा भाऊसिंग. त्याले म्हटलं, "भाऊ, जरा लांबव ना." तं म्हनते कसा, "शेषरावभाऊ, जोर लावा, दंड कमवा!" अरे, मले घरात जायचं हाय का कुस्तीच्या फडात?

लावला जोर! अर्धा चढलो, आन् खुर्ची उलटी सुटली ना बाप्पा! मांगून माही बायको सोजरबाई येऊन राह्यली, डोक्यावर ढोरायच्या कुटाराचं टोपलं. "अजी, थांबा!" म्हने, आन् बाजूनं खुर्ची धराले गेली. थांबा? थांबू कायच्यानं? टोपल्यासकट तिले मांडीवर घेऊन थेट उकिरड्यात! लग्नाले वीस वर्सं झाली, कधी मांडीवर बसली नाई, आन् बसली तं साऱ्या गावापुढं! सोय केली म्हने!

तवापासून गावातले दोघं जन मले उचलून आत नेत. आपल्याच घरात आपन सोयाबीनच्या पोत्यावानी जायचं... हसत होतो मी, पन तुमाले सांगतो, लय जीवावर येत होतं.

मंग घरकुलाच्या उद्घाटनाले तालुक्याचे साहेब आले. नारळ फोडला, हार घालून घेतला, उतार पाह्यला, म्हने, "अहो, अगदी नियमाप्रमाणे आहे! तुम्हालाच खुर्ची चालवता येत नाही." डोकंच फिरलं माहं! म्हटलं, "मंग साहेब, तुमीच चालवून दाखवा ना!"

मले खाटेवर बसवलं, साहेब बसले खुर्चीत. भाऊसिंग वरडून राह्यला, "जोर लावा साहेब, जोर!" आन् पोचले की दारापाशी! खुश होऊन दोन्ही हात वर केले... आता हात कायले सोडा हो चाकावरचे? सुटली गाडी! "अरे धरा! धरा! धरा!" भाऊसिंग धराले गेला, तं तोबी गेला. दोघंई उकिरड्यात! हार बकरीनं खाल्ला. सोय केली म्हने!

साहेब उठले, तोंडावरचं शेन पुसलं, म्हने, "उद्याच्या उद्या हा उतार लांब करा!"

आन् केला हो! अंगनभर लांब, मधात वळन, बाजूले कठडा. मी एकटाच आत गेलो, कोनाचा हात लागला नाई. बाहेर आलो. पुन्हा आत गेलो. पुन्हा बाहेर... छाती अशी फुगली, काय सांगू! सोजरबाई दारात उभी, पदर डोयाले.

तं डोये पुसून म्हनते, "अजी, आता एकट्यानं जाता येते ना? मंग चक्कीवरून पीठ आना, मिरच्या आना, आन् येताना यष्टीवरून माह्या मायले घेऊन या. महिनाभर राहाले येऊन राह्यली."

निघालो... करता काय? नाई म्हनाले आता बहानाच नाई राह्यला ना बाप्पा!